हार्ब्रेस हँडबुक नेमकं कसं तयार झालं? त्याच रीतीनं मराठीची पुस्तिका करता येईल का?

रेणापूरकर (प्रश्न)

लातूर-नांदेड भागातल्या तीन-चार कॉलेजांचे मराठी विभाग मिळून पदवीच्या पहिल्या वर्षासाठी एक लेखन-पुस्तिका काढायचं चाललंय. एईसीच्या (क्षमतावर्धन अभ्यासक्रमाच्या) मराठीला बीकॉम, बीएस्सीची पोरंही बसतात. बाजारात मिळतं ते एक तर स्पर्धा परीक्षेचं, प्रयोग ओळखा-समास ओळखा छापाचं, नाही तर एमएच्या भाषाविज्ञानाचं. आम्हाला हवंय ते वेगळं: तपासणाऱ्यानं निबंधाच्या कडेला नुसता आकडा टाकायचा, पोरानं पुस्तिकेतलं त्या आकड्याचं कलम उघडायचं आणि वाक्य स्वतः दुरुस्त करायचं.

अमेरिकेतलं हार्ब्रेस कॉलेज हँडबुक याच पद्धतीचं आहे आणि ते वीस हजार निबंधांतल्या चुका मोजून बनवलं, असं इंग्रजीवाले सांगतात. हे खरं, की प्रकाशकाची जाहिरात? मोजलं नेमकं काय? मोजणीवरून प्रकरणं कशी पाडली? आणि आपल्याकडं करायचं तर किती निबंध लागतील, कुठं फसतं? "मी काम केलो", "तो यायलाय" हे चुकीत धरायचं का, यावरून तर आत्ताच दोन तट पडलेत.

ताळेबंद

खरं आहे. जॉन सी. हॉजेस हे नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांचं संशोधन काँग्रीव्ह या जुन्या इंग्रज नाटककारावरचं. पण नाव सर्वदूर झालं ते या हँडबुकामुळं. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी विद्यार्थ्यांचे २०,००० निबंध घेतले. १६ शिक्षकांनी तपासलेले, त्यातले बहुतेक शिक्षक टेनेसीचेच. कोणती खूण किती वेळा पडली याची वर्गवारी केली आणि त्या वर्गवारीवर पुस्तकाची ३४ प्रकरणं बेतली. १९४१ मध्ये हार्कोर्ट, ब्रेस कंपनीनं ते हार्ब्रेस हँडबुक ऑफ इंग्लिश म्हणून काढलं. प्रकाशकाच्याच नावाचे दोन तुकडे जोडून पुस्तकाचं नाव. 'कॉलेज' हा शब्द नंतर आला.

पण हॉजेस यांच्यापासून सुरुवात धरली तर निम्मी हकीकत सुटते. हार्वर्डनं १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध लिहून घ्यायला सुरुवात केली. आलेले निबंध पाहून प्राध्यापक हादरले आणि पहिल्या वर्षाला सक्तीचं निबंधलेखन सुरू झालं, हळूहळू देशभर पसरलं. म्हणजे एकेका शिक्षकापुढं दर आठवड्याला निबंधांचा ढीग. प्रत्येकाच्या कडेला "इथं स्वल्पविराम हवा, कारण..." असं लिहीत बसायला वेळ कुणाला? मग नियमांना क्रमांक द्यायचे आणि कडेला क्रमांक टाकायचा, ही युक्ती निघाली. एडविन वूली यांचं १९०७ चं हँडबुक ऑफ कॉम्पोझिशन हा या जातीचा पहिला ठळक नमुना मानतात. त्यात साडेतीनशेच्या आसपास नियम होते. मुलांनी सलग वाचायचं पाठ्यपुस्तक नव्हतं ते. शिक्षकाची तपासणी उरकावी म्हणून केलेलं साधन होतं.

वूलींच्या पुस्तकात अडचण अशी की साडेतीनशे आकडे शिक्षकाच्याही डोक्यात राहत नाहीत. पोरापेक्षा मास्तरच जास्त पानं उलटणार. हॉजेस यांनी ते ३४ वर आणलं आणि पोटनियमांना अक्षरं दिली. पुढं कित्येक आवृत्त्यांत १२ म्हणजे स्वल्पविराम आणि १८ म्हणजे स्पेलिंग, हे ठरून गेलं. उपवाक्यं जोडणाऱ्या अव्ययाआधीचा स्वल्पविराम १२ए, सुरुवातीच्या पदबंधानंतरचा १२बी, अशी रचना. एका सत्रात शिक्षकाला ३४ आकडे तोंडपाठ होतात, आणि पद्धत चालते ती तेवढ्यानंच. नियम सांगायची त्यांची हातोटी इतरांहून फार निराळी होती असं मला वाटत नाही. मोजणी आणि आटोपशीर क्रमांकयोजना या दोन गोष्टी मात्र त्यांच्या पक्क्या होत्या.

बाकी इतिहास थोडक्यात. मेरी व्हिटन १९६२ च्या आवृत्तीपासून सहलेखक. हॉजेस १९६७ मध्ये वारले, पुस्तक पुढं इतरांनी चालू ठेवलं आणि नंतर हॉजेस यांचं नाव शीर्षकातच घेतलं. मानधनाच्या पैशातून त्यांच्या विद्यापीठात इंग्रजीच्या अध्यापनासाठी निधी उभा राहिला, मुख्य ग्रंथालयालाही त्यांचंच नाव आहे. व्याकरणाच्या पुस्तकाला एवढं भाग्य आपल्याकडं कुठलं!

मराठीकडं यायचं तर दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं, मोरो केशव दामल्यांचं १९११ चं. मोठी कामं आहेत, पण भाषा कशी चालते हे सांगणारी. पोरं कुठं अडखळतात हा प्रश्न त्यांच्यापुढं नव्हताच. तेव्हा दामले समोर ठेवून त्याचं लहान रूप करायला जाऊ नका. तसं केलं की संधी आणि समासालाच चाळीस पानं जातात आणि पोर तर "गावा मध्ये" असं तोडून लिहीत असतं.

गोदाकाठ

वरच्या उत्तरात एक गोष्ट आहे, तिच्यावरून घाईनं पुढं जाऊ नका. हॉजेस यांनी *तपासलेले* निबंध मोजले. म्हणजे मोजणी पोरांच्या चुकांची झाली नाही, शिक्षकांच्या लाल पेनची झाली.

यात किती अंतर पडतं ते जवळपास पन्नास वर्षांनी उघड झालं. रॉबर्ट कॉनर्स आणि अँड्रिया लन्सफर्ड यांनी १९८० च्या दशकात देशभरातून २१,००० वर तपासलेले निबंध गोळा केले, त्यांतले ३,००० नमुना म्हणून काढले आणि दोन्ही मोजलं: चूक किती वेळा आहे, आणि शिक्षकानं ती किती वेळा दाखवली आहे. १९८८ मध्ये निष्कर्ष छापून आले. शिक्षकांनी दाखवलेल्या चुका होत्या फक्त ४३ टक्के. सगळ्यात जास्त आढळलेली चूक, सुरुवातीच्या पदबंधानंतर स्वल्पविराम नसणं, एकूण चुकांत ११.५ टक्के, ती दाखवली गेली ३० टक्के वेळा. उलट इंग्रजीतला तो 'इट्स'चा (its की it's) गोंधळ एकूण चुकांत जेमतेम १ टक्का, पण दाखवला ६४ टक्के वेळा. जी चूक तपासणाऱ्याच्या डोळ्यात खुपते आणि एका फटक्यात दुरुस्त होते तिच्यावर पेन चालतं. समजावून सांगायला तीन ओळी लागतील अशी चूक तशीच पुढं जाते.

या अभ्यासावरूनही १९८९ मध्ये एक हँडबुक निघालं, सेंट मार्टिन्सचं. त्याच्या मुळाशी वीस वारंवार येणाऱ्या चुकांची यादी होती.

जाता जाता, "आमच्या वेळी पोरं शुद्ध लिहायची" म्हणणाऱ्यांसाठी याच परंपरेतले आकडे: दर १०० शब्दांमागं चुका १९१७ च्या अभ्यासात २.११, १९३० च्या अभ्यासात २.२४, १९८६ च्या नमुन्यात २.२६, आणि २००८ मध्ये छापलेल्या अभ्यासात २.४५. नव्वद वर्षांत एवढाच फरक.

आता मराठीत हे कसं दिसतं बघा. खालचा उतारा मुद्दाम चुका दाटीनं घालून बनवलाय:

"माझ्या गावा मध्ये पाण्याची समस्या खुप मोठी आहे. उन्हाळ्यात विहीरीतले पाणी आटते आणी स्त्रियांना दुर जावे लागते. सरकारने योजना आणल्या पण ते पूर्ण झाले नाहीत."

२५ शब्द, ६ चुका. चार ऱ्हस्व-दीर्घाच्या: खूप, विहिरीतले, आणि, दूर. एक शब्दयोगी अव्यय तोडल्याची: गावामध्ये. आणि सहावी? योजना स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून "त्या पूर्ण झाल्या नाहीत" हवं. दहा तपासनिसांना हा उतारा देऊन पाहा. पहिल्या चारांवर लाल गोल पडतील, सहावी बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटेल. वाचताना अर्थ लागून जातो ना! नुसत्या खुणा मोजून पुस्तिका केली तर ती ऱ्हस्व-दीर्घाची पुस्तिका होईल, आणि सर्वनाम कुणाचं, क्रियापद कुणाशी जुळवायचं, हे दोन पानांत गुंडाळलं जाईल.

म्हणून दोन संच करा. निबंध हातात आले की तपासायला देण्याआधी झेरॉक्स काढा. मूळ प्रत नेहमीच्या शिक्षकाकडं, त्यानं नेहमीसारखी तपासायची, जास्त काळजी घ्यायची नाही. कोरी झेरॉक्स मोजणाऱ्या दोघांकडं. मोजणाऱ्यांनी लाल खुणा आधी पाहिल्या की त्यांची नजर तिथंच जाते.

तक्त्यात प्रत्येक चुकीला एक ओळ: निबंध क्रमांक, शाखा, चुकलेला मजकूर जसाच्या तसा, प्रकार, शिक्षकानं दाखवली का. एवढे पाचच रकाने. एक्सेलमध्ये याचा पिव्हट (सारांश-तक्ता) काढला की तीन आकडे मिळतात: चूक एकूण किती वेळा, किती निबंधांत, आणि दाखवली किती टक्के. तिन्ही लागतात. एकाच पोरानं एका निबंधात पंचवीस वेळा अनुस्वार सोडला तर पहिला आकडा फुगतो. दुसरा तुम्हाला ताळ्यावर आणतो.

मोजायचे नियम आधी कागदावर लिहा. तोच शब्द तसाच पुन्हा चुकला तर एकदाच मोजायचा. वेगळा शब्द चुकला तर वेगळी चूक. "गावा मध्ये" हे दोन शब्द धरायचे की एक, हेही ठरवा, नाही तर शंभर शब्दांमागचा दर दोघांचा जुळत नाही. पहिले २० निबंध दोघांनीही मोजा आणि ताडून बघा. दोघांनी मिळून शोधलेल्या १०० चुकांत दोघांनाही सापडलेल्या ७० पेक्षा कमी भरल्या तर पुढं जाऊ नका, प्रकारांच्या व्याख्या ढिल्या आहेत.

ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब मात्र पहिल्यापासून वेगळ्या पानावर ठेवा. कॉनर्स-लन्सफर्ड यांनाही स्पेलिंग बाजूला काढावं लागलं, त्यापुढं बाकी काही दिसेचना. वरच्याच उताऱ्यात ते चार काढले की २५ शब्दांत २ उरतात. शंभर शब्दांमागचा दर २४ वरून ८ वर येतो आणि मग रचनेचे दोष दिसू लागतात.

रेणापूरकर

फार उपयोगी. दोन शंका. सत्रपरीक्षेच्या उत्तरपत्रिका वापरल्या तर चालतील का? आणि आम्हाला जमण्यासारखे ३०० निबंध म्हणजे फारच थोडे नाहीत का, तिकडं वीस हजार होते म्हणून विचारतोय.

गोदाकाठ

उत्तरपत्रिका नको. एक तर त्या गोपनीय, परीक्षा विभागाच्या ताब्यात; परवानगीचा अर्ज फिरत राहील आणि सत्र संपेल. दुसरं, उत्तरपत्रिकेतला निम्मा मजकूर गाइडमधला पाठ केलेला असतो. त्यात चुका गाइडच्या छापखान्याच्या निघतात.

वर्गात बसवून ४० मिनिटांत लिहून घ्या, मोबाइल बाजूला. विषय असा द्या की तयार कुठं मिळणार नाही. "माझा आवडता ऋतू" दिलात तर सातवीतला निबंध उतरून येतो. "तुमच्या गावाहून कॉलेजला येणारी एसटी सकाळी वेळेवर यावी म्हणून आगारप्रमुखांना सविस्तर पत्र" किंवा "तुमच्या घरच्या पिकाची पेरणी ते विक्री" हे चालतं. काळ, लिंग, वचन सगळं वापरावं लागतं. प्राचार्यांचं पत्र घ्या, मुलांना कारण सांगा, नाव-आसनक्रमांक कापून फक्त निबंध क्रमांक ठेवा.

संख्येचं म्हणाल तर वीस हजारांना घाबरू नका. चार कॉलेजं, तीन शाखा, प्रत्येकीत २५, झाले ३००. दहा टक्के निबंधांत येणारी चूक ३०० वर मोजली तर खरा आकडा साधारण साडेसहा ते साडेतेरा टक्क्यांत असतो. १०० वर मोजली तर चार ते सोळा, म्हणजे फारच सैल. कुठल्या कलमाला एक पान आणि कुठल्याला चार, हे ठरवायला ३०० पुरतात. अट एकच, नमुना गठ्ठ्यातून ठरावीक अंतरानं उचलायचा, दर चौथा किंवा दर पाचवा. बऱ्या अक्षराचे वेचायचे नाहीत.

प्रत्येकातले २५० शब्द घ्या, पण पहिलं वाक्य सोडून. पत्राचं पहिलं वाक्य बहुधा घोकलेलं असतं. ३०० गुणिले २५० म्हणजे ७५,००० शब्द. एका निबंधाला १२ मिनिटं धरली तर एकाला ६० तास, दोघांचे १२०. दिवाळीच्या सुटीत होणारं काम आहे, पण एका बैठकीत दहा-बाराच्या वर नको. नजर मरते, आणि गठ्ठ्याच्या तळाच्या निबंधांत चुका कमी आहेत असं खोटंच दिसू लागतं.

बोलभाषा_परभणी

तुमच्या दोन तटांबद्दल.

"मी काम केलो" याला बेशिस्त म्हणणारे व्याकरण अर्धंच बघतात. प्रमाण मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माशी जुळतं: मी काम केलं, मी पोळी खाल्ली, मी आंबे आणले. लातूर, नांदेड, धाराशिवकडच्या बोलीत ते कर्त्याशी जुळतं: मी काम केलो, मी पोळी खाल्लो. "करायलाय", "यायलाय" हे चालू काळाचं रूप, "आलतो", "गेलतो" हे आलो होतो-गेलो होतोचं. परभणी-जालन्याकडचं "मपलं-तुपलं" तसंच. प्रत्येकाला नियम आहे. पोर कुठंही, कसंही लिहीत नाही.

तरीही आगारप्रमुखाच्या पत्रात "मी अर्ज केलो" चालणार नाही, हेही तितकंच खरं. तेव्हा मोजणीत याला वेगळा प्रकार द्या, चुकांच्या एकूण बेरजेत घेऊ नका, आणि पुस्तिकेत वेगळं प्रकरण करा: डावीकडं घरातलं वाक्य, उजवीकडं अर्जातलं. काट मारायची नाही. हार्ब्रेसमध्येही शब्दयोजनेच्या प्रकरणात प्रादेशिक शब्दांना वेगळं कलम आहे. आणि अमेरिकेत हा वाद इतका तापला की १९७४ मध्ये तिथल्या कॉलेज-लेखन शिकवणाऱ्यांच्या परिषदेनं, सीसीसीसीनं, विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या भाषेच्या हक्काचा ठरावच केला. ठरावानंतर हँडबुकं बंद पडली नाहीत, बोलायची रीत जरा बदलली.

इथं फसतं ते तपासणाऱ्याचं. "कर्त्याशी जुळवलं की चूक" असा आकडा एकदा हाताला बसला की बरोबर वाक्यांवरही तो पडतो. प्रमाण मराठीतच काही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याशी जुळतात: मी कविता शिकलो, मी नाव विसरलो, मी चहा प्यायलो, मी काही बोललो नाही. ही यादी कलमात चौकट करून द्या, नाही तर पोर "मी नाव विसरलं" लिहायला लागेल.

न-ण चं तेच. आपल्या भागात पुष्कळांच्या उच्चारात ण चा न होतो, म्हणून "पानी", "कोन", "आनि" येतं. त्यावर सारखं टोकलं की उलटा रोग जडतो: "अणुभव", "मणात". मोजताना 'ण'च्या जागी 'न' आणि 'न'च्या जागी 'ण' हे दोन वेगळे रकाने ठेवा. दुसरा रकाना भरलेला दिसला तर ओळखा की पोर शिकवलेलंच लिहितंय, फक्त नको तिथं.

ताळेबंद

परभणीच्या ताईंशी शंभर टक्के सहमत नाही. वेगळं प्रकरण ठीक, पण बेरजेतून वगळलं तर पुढच्या वर्षी पुस्तिकेचा उपयोग झाला का हे मोजणार कसं? दोन बेरजा ठेवा, बोलीसह आणि बोलीविना.

ऱ्हस्व-दीर्घाला आकडे किती द्यायचे तेही आत्ताच ठरवून टाका. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४, मिळून १८. ते सगळे अठरा आकडे म्हणून घेतलेत तर वूलींच्या वाटेनं चाललात. पोरांच्या निबंधांतलं बहुतेक काम पाच पोटनियमांत भागतं, एकाच आकड्याखाली:

क: शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ: पाटी, वस्तू, कवी. अपवाद आणि, नि, परंतु, तथापि, यद्यपि अशी मोजकी अव्ययं.

ख: शेवट दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा ऱ्हस्व: विळी, पिसू, महिना, किडा.

ग: शेवट अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा दीर्घ: गरीब, फूल, दूर, खूप, जमीन. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गुण, विष, मंदिर सोडून.

च: 'ग'मधल्या शब्दाला प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व: गरिबाला, फुलाचा, जमिनीत. शरीर, गीत, सूत्र यांचं तसं होत नाही.

छ: सामासिक शब्दातलं पहिलं पद संस्कृत असेल तर ते मूळचं ऱ्हस्व राहतं: दृष्टिकोन, बुद्धिवैभव, गतिशील.

वरच्या उताऱ्यातली विहीर 'च'मध्ये बसली, खूप-दूर 'ग'मध्ये, तर 'आणि' हा शब्द 'क'च्या अपवादात. क्रम हाच ठेवा, कारण 'च' समजायला 'ग' यावा लागतो.

रेणापूरकर

घ, ङ का सोडले? मुद्दाम?

छापखाना_नांदेड

मुद्दामच असणार, आणि बरोबर आहे. घाईत लिहिलेला घ आणि ध ओळखू येत नाही, ङ तर ड वाटतो. भ-म चीही तीच गत. क, ख, ग, च, छ, ज, त, प एवढ्यावर भागवा. ख सुद्धा जुन्या वळणाचा र-व असा सुटा लिहू नका.

आकड्यांत याहून मोठा घोळ १ आणि ९ चा. लाल पेननं, उभ्या-उभ्या टाकलेला १ बघा: वरचं वाटोळं आणि खालची शेपटी, थोडी गाठ मोठी पडली की ९. पोर १२ ऐवजी ९२ शोधत बसतं. ९२ नाहीच म्हणून पुस्तिका मिटतं. एकूण आकडे ३० च्या आत ठेवले तर दशकस्थानी ९ येतच नाही, निम्मा प्रश्न मिटला. एकंस्थानासाठी ९, १९ आणि २९ हे आकडे वगळूनच टाका. क्रमात भोक पडलं तर पडू दे, विचारणाऱ्याला कारण सांगता येतं.

पुस्तिका हातात धरून एका हातानं उघडता आली पाहिजे. डेमी आकार, १६ पानी सहा फर्मे, म्हणजे ९६ पानं. एवढ्याला मधून पिन मारलेली चालते आणि ती सपाट उघडी राहते. १२८ वर गेलात की गोंदाचं बाइंडिंग करावं लागतं, ते बाकावर उघडं राहत नाही, वर्षात पानं सुटतात. कलमाचा आकडा पानाच्या बाहेरच्या वरच्या कोपऱ्यात, ठळक, शब्दकोशात असतो तसा. तळाशी किंवा मधोमध नको. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला सगळ्या आकड्यांचा एक तक्ता, एकाच नजरेत मावणारा. अमेरिकन हँडबुकांतही तो तिथंच असतो. तिथं प्रस्तावना किंवा प्राचार्यांचे शुभसंदेश घालू नका, ती जागा सोन्याची आहे.

अक्षरजुळणी युनिकोडमध्येच करून घ्या. इकडं बरेच डीटीपीवाले अजून जुन्या फाँटांत काम करतात. नंतर रूपांतर केलं की सगळ्यात आधी मोडतो तो अर्धा ऱ. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, आणि पुस्तिकेत आचाऱ्यांना आणि आचार्यांना हा फरक शिकवणारं उदाहरणच दोन्हीकडं सारखं छापून येतं. ॲ, श आणि ल ची वळणंही बघा. शासनाचा वर्णमालेबद्दलचा २००९ चा निर्णय आणि २०२२ चा सुधारित निर्णय, दोन्ही जुळणी करणाऱ्याच्या टेबलावर ठेवा. तिसरं प्रूफ फक्त चुकीच्या उदाहरणांसाठी वाचा. जुळारी भला माणूस असतो, चुकीचं वाक्य दिसलं की दुरुस्त करून टाकतो. मग डावीकडं-उजवीकडं दोन्ही वाक्यं शुद्ध!

बोलभाषा_परभणी

दोन बेरजांची सूचना मान्य.

एक भर: छापायच्या आधी एक सत्र झेरॉक्सवर चालवा, दोन वर्गांत. शिक्षकांकडून कुठला आकडा किती वेळा पडला ते लिहून घ्या. जो कुणीच टाकत नाही त्याचं कलम शेजारच्या कलमात मिसळा. आणि ज्या आकड्यावर पोरानं केलेली दुरुस्ती निम्म्या वेळा चुकते, ते कलम पुन्हा लिहा; बहुतेकदा नियम आधी आणि उदाहरण नंतर दिलेलं असतं. उलट करा. आधी चुकलेलं वाक्य, खाली दुरुस्त वाक्य, मग दोन ओळींत नियम, मग सरावाची पाच वाक्यं. उत्तरं पुस्तिकेत देऊ नका, ती शिक्षकाच्या प्रतीत.

गोदाकाठ

आणि आकडा टाकल्यावर दुरुस्ती परत बघायची वेळ वेळापत्रकात धरा. एका निबंधावर सहापेक्षा जास्त आकडे टाकू नका. सातवा दिसला तरी सोडा, पुढच्या निबंधात तो पुन्हा येणारच आहे. सहातले निदान दोन ऱ्हस्व-दीर्घाबाहेरचे असावेत, हे तपासणाऱ्यांच्या सूचनांमध्ये लिहूनच द्या.